गाडी उभी असताना बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी हे मोजून बघा

बॅटरी बदलून दोन महिने होत नाहीत आणि सकाळी सेल्फ मारला की परत तेच, कट-कट-कट, मीटरवरचे लाइट मंद आणि गाडी ढिम्म. मग वॉचमनकाकांना हाक मारा, जंपर केबल शोधा, शेजाऱ्यांची गाडी तोंडाला तोंड लावून उभी करा, आणि एवढं सगळं करून दुकानात गेलं की तिथला माणूस टर्मिनलला हात लावायच्या आधीच सांगतो, साहेब बॅटरीच गेली. असेलही गेली. पण ती का गेली हे न बघता नवी टाकली तर तीही त्याच वाटेने जाते आणि काही हजारांना उगाच चाट बसते.

गाडी उभी असताना बॅटरी उतरण्याची कारणं तीनच. एक, बॅटरी स्वतःच चार्ज धरत नाही. दोन, अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजून डायनामोच म्हणतात, तो नीट भरत नाही त्यामुळे गाडी लावतानाच बॅटरी अर्धी असते. तीन, गाडी लॉक करून गेल्यावरही काहीतरी करंट खात बसलेलं असतं. तिन्हीची लक्षणं सकाळी अगदी सारखी दिसतात आणि म्हणूनच अंदाजाने दुरुस्ती करणारे फसतात, पण मोजायला बसलं तर तिन्ही वेगवेगळी पकडता येतात आणि त्याला साध्या मल्टीमीटरपेक्षा फार काही लागत नाही. खाली जे लिहिलंय ते पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाड्यांच्या १२ व्होल्ट बॅटरीबद्दल आहे.

आधी थोडा हिशोब

हा समजला की पुढचे आकडे आपोआप डोक्यात बसतात. छोट्या पेट्रोल हॅचबॅकला साधारण ३५ एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे एक ॲम्पिअर करंट ३५ तास देऊ शकेल अशी) बॅटरी असते, मोठ्या डिझेल गाड्यांना ६०-७० किंवा त्याच्याही वर. गाडी लॉक केली तरी घड्याळ, रेडिओची मेमरी, रिमोट लॉकचा रिसीव्हर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अलार्म हे पूर्ण कधीच बंद होत नाहीत, त्यामुळे २० ते ५० मिलिॲम्पिअर करंट जाणं नॉर्मल आहे, खूप इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत थोडा जास्त. ३० मिलिॲम्पिअर धरले तर दिवसाला पाऊण एएचसुद्धा जात नाही. बॅटरी निम्मी उतरली की सेल्फला दम राहत नाही असं धरू, म्हणजे ३५ एएचमधले १७ खर्चायला मिळतात, तेवढ्यावर धडधाकट बॅटरी तीन आठवडे सहज काढते. हेच ३०० मिलिॲम्पिअर असतील तर दिवसाला सात एएच आणि अडीच दिवसांत खेळ खल्लास. डिकीतला ५ वॅटचा बल्ब एकटा ४०० मिलिॲम्पिअर खातो. मागचे दोन ब्रेक लाइट अडकून चालू राहिले, एकेक २१ वॅटचा, तर साडेतीन ॲम्पिअर, म्हणजे रात्री अकराला लावलेली गाडी पहाटे चारला मेलेली.

यावरून उलटा अंदाजही लावता येतो. एका रात्रीत बसत असेल तर ॲम्पिअरच्या घरातलं काहीतरी चालू राहतंय, लाइट, चिकटलेली रिले (करंटने चालणारा स्विच), फॅन, ॲम्प्लिफायर असं. दोन-चार दिवसांत बसत असेल तर दोन-चारशे मिलिॲम्पिअर, मग म्युझिक सिस्टिम, डिकीचा बल्ब किंवा झोपायला तयार नसलेलं एखादं मॉड्यूल, म्हणजे गाडीतलं कंट्रोल युनिट. पंधरा दिवस उभी राहून बसली तर बहुतेक गाडीत दोष नाहीच, बॅटरी म्हातारी झालीय. आणि मे महिन्यात महिनाभर गावाला जाऊन आलात आणि गाडी चालू झाली नाही तर त्याला लीकेज म्हणू नका, तो साधा हिशोब आहे.

सामान आणि पथ्यं

डिजिटल मल्टीमीटर हवा, पिवळा स्वस्तातला चालतो, फक्त त्याला १० ॲम्पिअरचं वेगळं भोक असलं पाहिजे. टर्मिनल सोडायला बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. दोन्ही टोकांना मगरचिमटे लावलेली एक जरा जाड वायर, इन्सुलेशन टेप, एक स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज काढायचा चिमटा, तो बऱ्याचदा फ्यूज बॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो, आणि २-४ स्पेअर फ्यूज. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, पण घरच्या वायरमनकडे जो असतो तो बहुतेकदा फक्त एसीचा, म्हणजे घरच्या विजेसारखा उलटसुलट वाहणारा करंट मोजणारा असतो, तो इथे काहीही दाखवणार नाही.

पथ्यं थोडीच आहेत पण पाळाच. हातातलं कडं, अंगठी, मेटलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, पाना आणि कडं मिळून शॉर्ट झालं तर कातडी भाजते. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट जी अजूनही काही गॅरेजमध्ये सर्रास करतात, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि बंद पडली नाही म्हणजे डायनामो चांगला. ही करूच देऊ नका. त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम उडू शकतो, कार्बोरेटरच्या जमान्यात खपून गेलं ते आता खपत नाही.

मीटर हातात घ्यायच्या आधी नुसतं बघा

बॉनेट उघडा आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल बघा. कंपनीच्या जाड केबलींशिवाय एखादी बारकी लाल वायर वेगळा फ्यूज होल्डर लावून तिथे जोडलेली दिसली तर ती बाहेरून टाकलेल्या कशाची तरी आहे, ॲम्प्लिफायर, जादा हॉर्न, फॉग लॅम्प, जीपीएस ट्रॅकर. ह्या वायरी गाडीच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाहीत त्यामुळे पुढे सगळे फ्यूज काढून बघितले तरी सापडणार नाहीत, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा. टर्मिनल हलवून बघा, ढिलं असेल किंवा पांढरा-हिरवा थर साठला असेल तर ते आधी साफ करा, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासलं की जातं. बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि ओल साठली असेल तीही पुसा कारण त्या ओल्या थरातूनही थोडा करंट वाहतो, खात्री करायची असेल तर मीटरचं काळं टोक निगेटिव्हला आणि लाल टोक नुसतं प्लास्टिकवर टेकवून फिरवा, व्होल्ट दिसायला लागले तर कळेलच.

मग रात्री, अंधारात, गाडी लॉक करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि एक चक्कर मारा. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडलाय का बघा. ब्रेक पेडलच्या वर स्विचला टेकणारा एक छोटा रबर किंवा प्लास्टिकचा बूच असतो, तो वय झालं की तुटून खाली पडतो आणि पेडल सोडलेलं असलं तरी ब्रेक लाइट चालूच. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे सापडले तर तेच समजा. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा लाइट बंद होतो का हे बाहेरून दिसत नाही, त्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि झाकण लावा, दोन मिनिटांनी काढून बघा. यात मीटर लागत नाही आणि बऱ्याच केसेस इथेच निकालात निघतात.

बॅटरी की गाडी, हे आधी वेगळं करा

ही पायरी सगळे टाळतात कारण याला एक रात्र लागते, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. बॅटरी आधी चार्जरने पूर्ण भरून घ्या. अर्धा तास गाडी फिरवून आणली म्हणजे भरली असं नसतं, पूर्ण उतरलेली ३५ एएचची बॅटरी ४-५ ॲम्पिअरच्या चार्जरवर भरायला आठ-दहा तास लागतात. चार्जिंग झालं की तासभर जाऊ द्या, मग हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा म्हणजे वरवरचा खोटा चार्ज उतरतो, आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून टाका. थोडं थांबून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून थेट बॅटरीवर मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव, ११.८ च्या खाली रिकामीच धरा.

आकडा लिहून ठेवा, निगेटिव्ह तसंच सुटं ठेवून झोपा आणि सकाळी परत मोजा. काही न जोडता एका रात्रीत १२.६ ची १२.३ झाली असेल तर गाडीचा काही दोष नाही, बॅटरीच्या आत सेल गेलाय. तशीच्या तशी राहिली, फारतर व्होल्टचा एखाद-दुसरा शंभरावा भाग इकडेतिकडे, आणि दुसऱ्या रात्री टर्मिनल जोडून ठेवल्यावर मात्र पडली, तर बॅटरी निर्दोष आणि गाडी करंट खातेय. आता सकाळी टर्मिनल जोडून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीवरच धरा, फिरताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर चार्ज असूनही दम नाही, म्हणजे बॅटरी कमजोर. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणी, करून मिळते, शंका असेल तर तीही करून घ्या. काही बॅटऱ्यांच्या वर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असतो, त्यावर मात्र फार विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो, बाकीचे पाच त्याला दिसतच नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाचं पण लक्षात घ्या. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभी असलेली बॅटरी आपोआप लवकर उतरते आणि आयुष्यही कमी होतं. तीन-चार वर्षं झाली असतील तर बॅटरीवर संशय आधी घ्यावा हे खरं, पण घ्यावा आणि तपासावा.

अल्टरनेटर दोन मिनिटांत

इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असलं तर भरणं चालू आहे. १३ च्या आसपास रेंगाळत असेल तर बेल्ट ढिला, कार्बन ब्रश झिजलेले किंवा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेलेला. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरीला शिजवतोय. नव्या गाड्यांमध्ये, विशेषतः स्मार्ट अल्टरनेटर किंवा माइल्ड हायब्रिडवाल्या, बॅटरी भरलेली असली की गाडी मुद्दाम व्होल्टेज खाली आणते, तिथे १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, थोडा वेळ लोड देऊन बघा.

अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लीक असेल तर तो दिवसा भरतो आणि रात्री स्वतःच खातो. यासाठी एक फुकटची चाचणी आहे, गाडी तीन-चार तास उभी राहून इंजिन पूर्ण गार झाल्यावर अल्टरनेटरच्या अंगाला हात लावा, आजूबाजूचं लोखंड गार आणि तो एकटाच कोमट असेल तर डायोड गेलाय. नेटवर एसी व्होल्ट मोजायचा सल्ला मिळेल, इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर डायोड खराब, हे बरोबर आहे पण चांगल्या मीटरवर. स्वस्त पिवळे मीटर एसीच्या रेंजवर डीसीला पण काहीतरी अचाट आकडे दाखवतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता खरा करंट मोजायचा

इथे घाई करणारा हमखास चुकतो. गाडी लॉक केल्याबरोबर आतली कंट्रोल युनिट्स लगेच झोपत नाहीत, दहा मिनिटांपासून अर्धा तास, काही गाड्यांत पाऊण-एक तास घेतात, आणि मधे दरवाजा उघडला किंवा रिमोट दाबला की परत पहिल्यापासून. म्हणून तयारी आधी करायची. बॉनेट उघडं ठेवा, बॉनेटला स्विच असेल तर तो दाबून टेप मारा. आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हात जावा म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवावा लागतो, मग दरवाजाच्या कुलपातला तो खेकड्याच्या नांगीसारखा भाग स्क्रू ड्रायव्हरने दाबून दोनदा कट-कट आवाज येईपर्यंत बंद करा, गाडीला वाटतं दरवाजा लागलाय. काम झाल्यावर हँडल ओढून तो परत मोकळा करायचा आणि मगच दरवाजा लावायचा, नाहीतर कुलूप तुटेल. बाकी सगळे दरवाजे लॉक, आणि कीलेस गाडी असेल तर चावी घरात, दूर, खिशात नको.

मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घाला आणि चकती १० ॲम्पिअरवर. २०० मिलिॲम्पिअरच्या रेंजवर सुरुवात केली तर पहिल्या झटक्यातच मीटरचा आतला फ्यूज उडतो. आता मगरचिमट्याच्या वायरचं एक टोक निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावा, मग क्लॅम्प सोडवून बाजूला घ्या. करंट त्या वायरमधून चालू राहतो, गाडीला काही कळत नाही. आता मीटरचं एक टोक केबलला, दुसरं खुंटीला, घट्ट, आणि मगच मधली वायर काढा. म्हणजे सगळा करंट मीटरमधून. ही वायरची युक्ती न करता सरळ टर्मिनल काढून मीटर लावलं तरी आकडा येतो, पण सगळी युनिट्स नव्याने जागी होतात आणि तुम्ही परत तासभर बसता.

यापुढे तीन गोष्टी अजिबात नाही: सेल्फ मारायचा नाही, इग्निशन ऑन करायचं नाही, आणि मीटर या सेटिंगवर असताना कधीही पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर आडवं टेकवायचं नाही, तो सरळ शॉर्ट होतो. सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढतो, मीटर जागच्या जागी जळेल.

आता चहा घ्या. सुरुवातीला दोन-तीन ॲम्पिअर दिसतील, मग टप्प्याटप्प्याने उतरत जाईल. या मीटरवर ०.०३ म्हणजे ३० मिलिॲम्पिअर. ०.०२ ते ०.०५ ला येऊन थांबलं तर गाडी निर्दोष. ०.१० च्या वर तासाभरानेही अडकून बसलं तर काहीतरी आहे. आकडा दर थोड्या वेळाने उसळी मारत असेल तर एखादं युनिट झोपमोड करतंय, मोबाइल ॲपला जोडलेल्या कनेक्टेड गाड्या अधूनमधून जाग्या होतातच, एखादी छोटी उसळी चालते पण सारखी असेल तर नाही. गॅरेजमध्ये टर्मिनल टेकवून ठिणगी बघतात आणि ठिणगी पडली म्हणजे लीकेज असं जाहीर करतात. आताच्या कुठल्याही गाडीत जोडताना ठिणगी पडतेच, युनिट्स जागी होताना करंट घेतात ना.

फ्यूज, एकेक करून

सोसायटीच्या टाकीतलं पाणी रात्रीत संपत असेल तर प्लंबर काय करतो, एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर थांबतंय का बघतो. इथे व्हॉल्व्हच्या जागी फ्यूज. आधी फ्यूज बॉक्सचा मोबाइलवर फोटो काढा, नंतर कुठला कुठे होता यावर भांडण नको. मग एक फ्यूज काढा, मीटर बघा, काही फरक नाही तर परत त्याच जागी, पुढचा. ज्याला काढल्यावर ०.३५ चं ०.०३ होतं ती लाइन सापडली. आतल्या बॉक्सपासून सुरुवात करा, मग बॉनेटखालच्या बॉक्समधले. तिथले मोठे मेन फ्यूज शेवटी.

यात एक अडचण आहे, फ्यूज परत घालताना ती लाइन जागी होते आणि आकडा उड्या मारतो. म्हणून मला दुसरी पद्धत जास्त आवडते, ज्यात काहीच काढायचं नाही. करंट जात असलेल्या फ्यूजवर अगदी बारीक व्होल्टेज पडतं. गाडी झोपलेली असताना, टर्मिनल नेहमीसारखं जोडलेलं, मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात, हे विसरायचं नाही, आणि चकती २०० मिलिव्होल्टवर. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे चकचकीत ठिपके असतात, त्यांवर दोन टोकं टेकवा. शून्य म्हणजे तिथून काही जात नाही. १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसलं तर साधारण सव्वाशे-दीडशे मिलिॲम्पिअर वाहतोय. मोठ्या फ्यूजचा रेझिस्टन्स कमी, त्यामुळे २० ॲम्पिअरच्या फ्यूजवर तोच १ मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास दुप्पट करंट. अचूक आकड्याची गरज नाही, कुठल्या फ्यूजवर शून्य नाही एवढंच हवं. पंधरा मिनिटांत दोन्ही बॉक्स होतात.

फ्यूज सापडला म्हणजे काम संपलं नाही, एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी असतात. डोम किंवा रूम लिहिलेल्या फ्यूजवर बऱ्याच गाड्यांत आतले लाइट, रेडिओची मेमरी, मीटर आणि ओबीडी पोर्ट (गाडी तपासायचं मशीन जोडायचं सॉकेट) असं सगळं एकत्र असतं. मग त्यातलं एकेक सुटं करत जायचं. ओबीडीत डोंगल खोचलेलं असेल तर ते पहिलं काढा. रिले चिकटली असेल तर तासभर बंद गाडीतही ती बोटाला कोमट लागते, त्याच नंबरची शेजारची रिले अदलाबदल करून बघा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर दोनच जागा उरतात, बॅटरीवरून थेट गेलेल्या त्या बारक्या वायरी आणि अल्टरनेटर. वायरींचे फ्यूज होल्डर उघडा. अल्टरनेटरसाठी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा, परत मीटर लावून मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर रिपेअरला.

सहसा काय निघतं

बाहेरून बसवलेलं सामान. शंभरदा सांगून झालंय तरी सांगतो, कंपनीच्या वायरिंगपेक्षा ॲक्सेसरीवाल्याची घाई जास्त वेळा कारणीभूत असते. म्युझिक सिस्टिमला पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची आणि लाल वायर चावीवर येणारी असते, फिटिंगवाला घाईत दोन्ही एकत्र पिळून टाकतो आणि सिस्टिम वरून बंद दिसली तरी आतून जागीच राहते. अँड्रॉइड स्टिरिओत लवकर चालू व्हावं म्हणून स्लीप मोड असतो, तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ॲम्प्लिफायरची निळी रिमोट वायर कायमच्या करंटला जोडली असेल तर तो रात्रभर तापत बसतो. डॅशकॅमला पार्किंग मोड असेल तर किटचं कट-ऑफ व्होल्टेज बघा, ११.८ वर ठेवलेलं असेल तर तो बॅटरी रिकामी झाल्यावरच थांबेल, १२.२-१२.४ ठेवा. काही गाड्यांचं १२ व्होल्ट सॉकेट चावी काढल्यावरही चालू असतं, त्यातला चार्जर काढायची सवय लावा. फास्टॅगवर मात्र उगाच आळ घेऊ नका, त्याला बॅटरीच नसते आणि गाडीशी वायरही नसते, टोलच्या रीडरच्या लहरींवरच तो चालतो.

पावसाळ्यात दोन गोष्टी वाढतात. मुंबई-कोकणात टेल लॅम्पच्या आणि मागच्या दरवाजाच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवा गंज येतो, त्यातून करंट गळतो आणि कधी लॉकचं युनिट रात्रभर जागं राहतं. आणि उंदीर, पार्किंगमध्ये उबेला बॉनेटखाली बसतात आणि वायरीचं इन्सुलेशन कुरतडतात, उघडी तार बॉडीला टेकली की झालं. फ्यूजवरून लाइन सापडली की ती वायर हाताने शेवटपर्यंत बघत जा, लेंड्या आणि कुरतडलेले तुकडे दिसले तर शोध जवळ आलाय.

रोजचं घर ते ऑफिस तीन किलोमीटर, त्यात अर्धा वेळ सिग्नलला, एसी आणि लाइट चालू, अशा गाडीत काहीच दोष नसूनही बॅटरी कायम पाऊणच्या खालीच राहते. तिला आठवड्यातून एकदा तासभर हायवेला न्या किंवा महिन्यातून एकदा चार्जर लावा. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक सेन्सर असतो, तिथे चार्जरचा काळा चिमटा खुंटीला न लावता इंजिन किंवा बॉडीच्या अर्थला लावायचा, नाहीतर किती चार्ज गेला हे गाडीला कळत नाही.

दुरुस्तीनंतर

झोपलेल्या गाडीचा करंट परत एकदा मोजा आणि रात्रभराचं व्होल्टेज पण. इलेक्ट्रिशियनकडे द्यायची वेळ आली तरी ‘बॅटरी उतरते’ एवढंच न सांगता ‘तासाभरानंतर ३५० मिलिॲम्पिअर, रूमच्या फ्यूजवर’ असं सांगा, कामही लवकर होतं आणि बिलही सरळ येतं. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं, त्यामुळे लीकेज सापडल्यानंतरही ती भरून, लोड टेस्ट करून मगच ठेवायची की बदलायची ते ठरवा. वॉरंटीत असेल तर बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन जा, ते चार्जिंगला ठेवून तपासतील, एक-दोन दिवस जातात.

महिनाभर बाहेर जाणार असाल तर निगेटिव्ह काढून जाणं सगळ्यात स्वस्त. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काचेचं ऑटो अप परत शिकवावं लागेल, म्हणजे काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं, आणि काही जुन्या स्टिरिओंना कोड लागतो तो आधी शोधून ठेवा. कीलेस गाडी असेल तर रिमोटच्या आत लपवलेली लोखंडी चावी बाहेर काढून बघा, ती ड्रायव्हरच्या दरवाजाला फिरते का याची खात्री बॅटरी काढायच्या आधीच करा. आणि पाना डिकीत टाकू नका, बऱ्याच गाड्यांची डिकी बॅटरीशिवाय उघडत नाही.